बसाप्पा आण्णा आणि सातवा भाग

बसाप्पा आण्णा कुठलीच मालिका पहिल्या भागापासून सुरू करत नाहीत. आधी सातवा भाग लावायचा, त्यात विसाव्या मिनिटावर जायचं, आवाज बंद करायचा आणि मान तिरकी धरून, डोळे बारीक करून फक्त दोन मिनिटं बघायचं. दोन मिनिटं झाली की म्हणायचं "बास", आणि जिभेनं टाळ्याला टक्क करून आवाज काढायचा. टक्क एकदा वाजली तर माल पास. दोनदा वाजली तर परत.

माल म्हणजे कोरियन मालिका. चिनी, जपानी, थायी पण चालते. देशाबद्दल आण्णांची काही तक्रार नाही, नमुना पटला पाहिजे.

त्याचं कारण असं की आण्णांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात एका अडत्याकडं गूळ पारखायचं काम केलंय. आता वय चौऱ्याहत्तर. दुकान सुटलं, जीभ सुटली नाही. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बाहेरनं बघून कोण घेत नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. "तोंड समद्यांचंच गोरं असतंय बाळ. पहिल्या भागात काय बघतोस? हिरो केस उडवतोय, पोरगी त्येच्या अंगावर कॉफी सांडती. त्ये पॉलिश. रव्याच्या पोटात चाकू घाल, खडा काढ, जिभंवर ठेव. मग कळतंय आत काळं हाय का साखर मिसळलीया."

मी एकदा अक्कल पाजळली होती. म्हटलं, आण्णा, मालिका सोळा भागांची, तर पोट आठव्या भागात पाहिजे. म्हणाले, रवा बादलीसारखा असतो, एकीकडं रुंद, एकीकडं निमुळता, त्याचं पोट मधोमध नसतं. मग मी चाळीस भागांची चिनी मालिका पुढं केली. तिचा पण सातवाच भाग काढला. म्हटलं, हिचं काय? तर म्हणाले, "सवयीचा हात हाय. एकाच जाग्यावर जातोय."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी करतो आणि साडेतीनपर्यंत घरी येतो. माझ्या अंगात गुण एकच, मला माणसांचे आवाज काढता येतात. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्ख्या नववीला सुट्टी दिली होती, आणि हेडमास्तरांनी स्वतःच्या आवाजात ती परत घेतली होती. आण्णांचा आवाज तर असा जमतो की एकदा जिन्यातनं "अगं, पाणी तापलं का?" म्हटलं, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे शांताकाकूंनी, बादली काढून न्हाणीत ठेवली. आण्णा तेव्हा बँकेत होते.

तर मालिका शोधून देणं, रिमोट चालवणं आणि पासवर्ड लक्षात ठेवणं ही माझी कामं. पगार म्हणजे वाटीभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. खडा देताना तो कुठल्या गावचा हे ओळखायला लावतात. मी दरवेळी चुकतो आणि आण्णांना दरवेळी आनंद होतो.

देशांची त्यांनी प्रतवारी लावलीय. कोरियन म्हणजे आपल्या नदीकाठचा माल, रंग, चव, चिकाटी सगळं बरोबर. चिनी माल वजनाला भारी, पण चाळीस भागांतनं मळी काढता काढता माणूस म्हातारा होतो. जपानी म्हणजे सेंद्रिय. औषधाला चांगला, पण घरात पोरं खात नाहीत. एकदा जपानीचा नमुना काढला तर दोन मिनिटं एक बाई आणि एक बाप्या पुलावर नुसते उभे. कोण बोलेना, कोण हलेना. मला वाटलं नेट अडकलंय. आण्णा म्हणाले, माल खरा हाय, पण अक्का झोपंल. आणि थायीत दोन मिनिटांत तीन थोबाडीत वाजल्या. आण्णांनी लगेच टक्क टक्क. "साखर."

आता ही अक्का कोण, ते सांगायला पाहिजे, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे.

अक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, मुक्काम नेसरी. रोज दुपारी चारला तिचा फोन येतो. आण्णा फोन स्पीकरवर टाकून पोह्याच्या डब्याला टेकवून उभा करतात. तिकडं अक्का तिचा टीव्ही लावते, इकडं आण्णा यांचा. मग आण्णा म्हणतात, "एक, दोन, तीन, दाब." दोघं एकाच वेळी बटण दाबतात, आणि कोल्हापूर ते नेसरी एकच भाग चालू होतो.

म्हणजे जवळजवळ एकच. नेसरीचं नेट सात सेकंद मागं आहे. इकडं हिरॉईनची आई गेली की आण्णा टॉवेलनं डोळे पुसतात, आणि सात सेकंदांनी फोनमधनं अक्काचं नाक ओढल्याचा आवाज येतो. इकडं विनोद झाला तर आण्णा तोंडावर हात दाबून सात सेकंद थांबतात. एकदा थांबले नव्हते. अक्कानं तिथल्या तिथं फैलावर घेतलं होतं, की हसू फोडायचं असेल तर मालिका कशाला बघायची, फोनवर सांगून टाक शेवट.

भाग संपला की पंधरा मिनिटं चर्चा. चर्चा फक्त मालिकेवर. ही भावंडं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, मालिकेतल्या डॉक्टरची विचारतात. मला आधी हे लय विनोदी वाटायचं. मी आळीपाळीनं दोघांचे आवाज काढून आमच्या कंपनीत हा कार्यक्रम करून दाखवायचो.

झालं काय, की गेल्या महिन्यात एका गुरुवारी चालू मालिका संपली. पुढची ठरली नव्हती. अक्कानं फोन ठेवताना बजावलं, की सोमवारी चारपर्यंत नवीन ठरव, नाहीतर मी मठात बायकांच्या पारायणाला नाव घालते, ते महिनाभर चालतंय आणि त्याची वेळ पण चारचीच आहे.

आण्णांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, एक महिना तर आहे, त्यात काय. आण्णा म्हणाले, "आमच्या वयात म्हैना लांब पडतोय बाळ."

शुक्रवारपासून आम्ही नमुने काढायला बसलो. माझ्या ध्यानात आलं की ह्या खेपेला, आणि खरं म्हणजे दर खेपेला, पडद्यावर एक गोष्ट दिसली की आण्णांची टक्क टक्क ठरलेली. कागद. कुणी म्हातारा खाटेवर पडलाय, वकील उभा आहे, पोरं टपून बसलीत, की माल परत. आणि कोरियात च्यायला एक घर असं नाही, जिथं म्हातारा मरताना कंपनी कुणाला द्यायची ते ठरवत नाही. दहापैकी सात मालिका तिथंच बाद. मी डोकं चालवून चिनी राजवाड्याची काढली. दोन राजपुत्र सिंहासनाकडं बघत उभे. टक्क टक्क. "सातबाऱ्याचंच भांडण हाय. नुसता मुकुट घाटलाय." मग मी भुताची काढली. म्हटलं भुताच्या नावावर काय असणार? तर सातव्या भागात विसाव्या मिनिटाला भूत आपल्या जुन्या घरासमोर उभं राहून रडत होतं, कारण पुतण्यानं घर विकलं होतं.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी अकरा नमुने झाले, अकरा परत गेले. आण्णा गॅलरीत जाऊन बसले. मी काकूंना हळूच म्हटलं, ह्यांना इस्टेटीची ॲलर्जी आहे काय? माझं आपलं चेष्टेत चाललं होतं. काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं.

वडील गेल्यावर गावाकडच्या तीन एकर उसाला आण्णा आणि अक्का दोघांची नावं लागली. आपल्याकडची रीत अशी, की बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि रान भावाला सोडायचं. आण्णांनी अक्काला गडहिंग्लजला कचेरीत बोलावलं. अक्का आली, एका शब्दानं विचारलं नाही, सही केली, गेली. त्या दिवसापासून अकरा वर्षं तिनं आण्णांशी तोंड उघडलं नाही. राखी नाही, दिवाळी नाही. आण्णांनी पावण्यांकडनं दोनदा निरोप धाडला की निम्मं रान परत घे. दोन्ही वेळा निरोप तसाच मागं आला.

मग दोन वर्षांमागं अक्का पडली, खुबा मोडला. आण्णा बघायला गेले. तासभर दोघं एका खोलीत बसले, बोलणं काय नाही. टीव्हीवर हिंदीतली कोरियन मालिका चालली होती, ती दोघांनी बघितली. निघताना आण्णांना काय बोलावं सुचेना, म्हणून उंबऱ्यात थांबून विचारलं, "त्या पोरीला तिचा बाप गावतोय का?" अक्का गप्प. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिचा फोन. हॅलो नाही, काय नाही. म्हणाली, "गावला बाप. बेकरीत हुता." आणि ठेवला.

"तवापास्नं हे चाललंय," काकू म्हणाल्या. "मधी एकदा दुसरी मालिका ठरंना, तर एकोणीस दिवस फोन न्हाय. ह्येंनी बी केला न्हाय. काय निमित्तानं करणार? आणि त्या मालिकंत कागुद निघाला, सही निघाली, तर अक्काला जमीन आठवंल आणि हुतं त्ये बी बंद पडंल, ह्ये भ्या हाय त्यास्नी."

त्या दिवसापासून मी कंपनीतला तो कार्यक्रम बंद केला.

रविवारी दुपारपासून परत बसलो. आता मला पण घाम फुटला होता. चौदावा नमुना निघाला एका बहीण-भावाचा. थोरली बहीण खेड्यात कोबीचं लोणचं घालून विकते, धाकटा भाऊ शहरात कोट घालून हिंडतो. सातवा भाग, विसावं मिनिट, आवाज बंद. बुटकं टेबल, त्यावर पंधरा-वीस वाट्या. भाऊ जेवायच्या काड्यांनी उचलून उचलून बहिणीच्या वाटीत घालतोय, बहीण नको नको करतीय आणि खातीय.

नमुना बघताना मी तोंड उघडायचं नाही, असा आण्णांचा कायदा आहे. माल बघताना दलालानं बोलायचं नसतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. त्या कोटवाल्याचं तोंड हलताना दिसलं आणि माझ्या तोंडातनं सरळ आण्णांचा आवाज बाहेर आला, "खा गं अक्का. आजून घे. लाजू नगंस, घर तुझंच हाय."

मला वाटलं आता बसणार शिव्या. आण्णा टीव्हीकडंच बघत राहिले. मग दोन मिनिटं भरली, ते "बास" म्हणाले, आणि टक्क एकदाच वाजली. "हीच," म्हणाले. "हिच्यात कागुद न्हाय. जेवणं हाईत."

सोमवारी चारला "एक, दोन, तीन, दाब" झालं. मंगळवारी झालं. अक्का खूश. ह्या बाईच्या लोणच्याला मीठ कमी पडणार, एवढी एकच तिची तक्रार. पारायणाचं नाव निघालं नाही. सहा दिवस आण्णा मला शेंगदाणे वाढवून देत होते, आणि शनिवारी तर मी खड्याचं गाव चुकीचं सांगितलं तरी हसून बरोबर म्हणाले.

रविवारी सातवा भाग. मी पण जाऊन बसलो, कारण हा माल मीच काढलेला. विसावं मिनिट आलं. बुटकं टेबल, वाट्या, भाऊ वाढतोय. फोनमधनं अक्का म्हणाली, गुणाचं पोरगं आहे. आण्णांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली, म्हणजे बघितलास नमुना? एकविसावं मिनिट गेलं. बावीस संपलं. आम्ही जिथं "बास" म्हटलं होतं ती जागा मागं पडली. आणि भावानं काड्या खाली ठेवल्या, वाट्या बाजूला सारल्या, कोटाच्या आतल्या खिशातनं घडी घातलेला कागद काढला आणि बहिणीपुढं ठेवला.

आण्णा ताडकन उठले. सात सेकंद. नेसरीत अजून वाट्या होत्या.

"अक्का, बंद कर," आण्णा फोनवर वाकून म्हणाले. "हितं लाईट गेली."

"हितं हाय की."

"तसं न्हाय. भाग खराब हाय. मधीच तुटलाय."

माझ्या तोंडात एरवी दहा माणसांचे आवाज असतात. त्या वेळी एक पण येईना. टीव्हीवरच्या बहिणीनं हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, पेन घेतलं आणि सही केली. आम्ही ते बघितलं, आणि मग सात सेकंद फोनकडं बघत थांबलो. सात झाले, दहा झाले. काकू स्वयंपाकघरातनं येऊन दारात उभ्या राहिल्या. फोनमधनं काहीच येईना.

मग अक्का बोलली. आवाज तिचा नेहमी घंगाळ आपटल्यासारखा असतो, तो बारीक आला.

"त्येनं निदान जेवाय घाटलं तिला."

आण्णांनी पोह्याचा डबा दोन्ही हातांनी धरला. "म्हंजे?"

"सकाळी सातची यश्टी धरली हुती मी. पोटात काय न्हाय. म्हटलं, भावासंगं काम हाय, साडी नगं, चोळी नगं, सही झाल्यावर कुठंतरी बसू, दोन घास खाऊ दोघं. तर सही झाली आणि तू घड्याळ बघितलंस. म्हणालास, यार्डात सौदं निघाल्यात, मी पळतो."

"मग?"

"मग काय. स्टँडवर एक वडा घेतला, एकटीनं खाल्ला, नेसरीची गाडी धरली."

टीव्हीवर ती बहीण वाट्या गोळा करत होती. मी रिमोटनं थांबवलं, तरी फोनमधनं नेसरीचा टीव्ही ऐकू येतच होता.

"मला वाटलं जमिनीसाठनं," आण्णा म्हणाले.

"रान काय करायचं हुतं मला? आमच्यात हाय की रान. दोनदा निरोप धाडलास, रान घे, रान घे. जेवाय ये म्हणून एकदा धाडला न्हाईस."

चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या रव्याच्या पोटात काय आहे ते नुसत्या खड्यावरनं सांगितलं, तो माणूस अकरा वर्षं आणि वर दोन, चुकीच्या ठिकाणी चाकू घालत बसला होता.

"ही बंद करू या अक्का," आण्णा म्हणाले. "उद्यापतोर दुसरी काढतो. कागुद नसलेली."

"का म्हणून? सही केली म्हणून काय मेली न्हाय ती. पुढं काय करती बघायचं न्हाय व्हय?" अक्काचा आवाज परत घंगाळासारखा झाला. "लाव. माझी पुढं गेली."

मी लावली. पहिल्यांदाच नेसरी आमच्या पुढं होती.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी कामाला निघालो, तर आण्णा जिन्यात. पांढरीफेक टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात एकावर एक पाच ताळांचा डबा, खांद्याला पिशवी. दारात काकू अंबाडा बांधत उभ्या. म्हणाल्या, चारला उठवलंय मला. भाकरी झाली, वांगी झाली, शेंगांची चटणी झाली, आणि हुग्गी पाहिजे म्हणं. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. ती करायची तर गूळ कुठला घालायचा, ह्यावर आण्णांनी तीन डबे उघडले, तीन खडे जिभेवर ठेवले, दोनदा टक्क टक्क केली आणि शेवटी तिसरा काढला. डब्याखाली पिशवीत एक नवीन साडी पण होती. काकू म्हणाल्या, माझीच हाय, दिवाळीची, घडी मोडली नव्हती.

मी आण्णांना स्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. डबा मांडीवर असा धरला होता, जणू त्यात पाणी काठोकाठ भरलंय. उतरताना एवढंच म्हणाले, की खड्ड्यातनं गाडी हळू घेतलीस, बरं केलंस.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. आण्णांचाच. घाईत होते. चारला आठवा भाग लावायचा आहे, अक्काच्या टीव्हीचा रिमोट वेगळा आहे, कुठलं बटण दाबायचं ते आत्ताच सांगून ठेव म्हणाले. मी सांगायला लागलो, तर मागं भांड्यांचा आवाज आणि अक्काचं काहीतरी चाललं होतं, मीठ का कमी, असंच काहीतरी.

मी म्हटलं, आण्णा, तुम्ही जेवून घ्या निवांत, मी नंतर फोन करतो.

"न्हाय न्हाय, सांग तू," आण्णा म्हणाले. "अक्का जेवती हाय. मी वाढाय लागलोय."